पोट भरले म्हणजे किती भरले?

भूक आणि तृप्ती या दोन्ही जाणिवा मूल जन्मतःच घेऊन येते. दोन महिन्यांचे बाळ भूक लागली की मूठ चोखते, मान वळवून स्तन शोधते, आणि पोट भरले की तोंड मिटून घेते. त्याला कोणी वाटी दाखवलेली नसते की घड्याळ. तरीही तीन ते सहा या वयात तीच जाणीव पुन्हा शिकवायची वेळ येते, कारण मधल्या काळात घरातल्या मोठ्यांनी तिच्यावर बरेच थर चढवलेले असतात. ताटात टाकायचे नाही म्हणून शेवटचे चार घास कोंबले जातात. रडू आले की हातात बिस्किटाचा पुडा येतो. जेवताना मोबाइल समोर असतो आणि चिऊ-काऊच्या घासांनी सुरू झालेले जेवण अंगणभर पाठलाग करून संपते. अशा वेळी किती खायचे हे पोट सोडून बाकी सगळे ठरवतात.

भुकेचा निरोप पोटातून मेंदूपर्यंत कसा जातो, हे आता बऱ्यापैकी कळले आहे. जठर रिकामे झाले की त्याच्या अस्तरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला जेवणाची आठवण करून देते. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 मध्ये शोधले. जेवण सुरू झाल्यावर जठराची भिंत ताणली जाते. तो ताण वेगस नावाची चेता मेंदूला कळवते. आतड्यातून कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरके ‘आता पुरे’ असा दुसरा निरोप धाडतात. शरीरात चरबीचा साठा किती आहे याची खबर लेप्टिन देते. ते 1994 मध्ये सापडले. हे सगळे निरोप पोहोचून तृप्ती जाणवायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. भराभर जेवणाऱ्या मुलाचे ताट तोवर दोनदा रिकामे झालेले असते.

या विज्ञानाच्या कितीतरी आधी वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त पोटाचे चार भाग कल्पिले होते. दोन भाग अन्नाने आणि एक पाण्याने भरावा, चौथा वायूसाठी मोकळा सोडावा, असा त्याचा हिशेब. अडवून धरू नयेत अशा शरीराच्या तेरा वेगांमध्येही आयुर्वेद भुकेला धरतो. गोंदियातल्या एखाद्या राइस मिलमधल्या हमालाला वाग्भट ठाऊक नसेल, पण काठोकाठ भरलेल्या पोत्याचे तोंड शिवता येत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

मुलांचे पोट खरोखर हिशेब ठेवते का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1926 मध्ये नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. एकूण 15 मुले आणि 34 पदार्थ. समोर वाट्या मांडायच्या, मूल ज्या वाटीकडे हात नेईल त्यातलेच द्यायचे, आग्रह करायचा नाही. मुलांची निवड रोज वेगळी आणि कधीकधी अगदी विचित्र असे, पण महिनोन्‌महिन्यांच्या हिशेबात सगळी नीट वाढली. मुडदूस झालेल्या एका मुलाला कॉड माशाच्या यकृताचे तेल ठेवले जाई. बरे होईपर्यंत ते त्याने आपणहून घेतले. हा प्रयोग सांगताना बहुतेक जण एक गोष्ट गाळतात, आणि नेमकी तीच डेव्हिसबाईंनी स्वतः ठासून सांगितली होती: त्या 34 पदार्थांत साखर किंवा कारखान्यात तयार झालेला एकही पदार्थ नव्हता. किती खायचे हे मुलांनी ठरवले, पण काय समोर ठेवायचे हे मोठ्यांनी. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी पुढे 1980च्या दशकात या वाटणीचाच नियम केला. काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांचे काम. खायचे की नाही आणि किती, हे मुलाचे.

ही जाणीव कधी बोथट होते, याचा अंदाज बार्बरा रोल्स आणि लिअॅन बर्च यांच्या 2000 सालच्या अभ्यासातून येतो. तीन वर्षांच्या मुलांपुढे जास्त वाढले तरी ती जवळपास तेवढेच खात. पाच वर्षांची मात्र वाढलेले जास्त तर खाल्लेलेही जास्त. काही नंतरच्या अभ्यासांत त्याहून लहान मुलांवरही मोठ्या वाढपाचा परिणाम दिसला, तेव्हा तीन वर्षे ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. पण अंगणवाडीत दाखल होते ते मूल पोटाचे ऐकणारे आणि पहिलीत जाते ते ताटाचे ऐकणारे, असे होण्याचा धोका खरा आहे.

गोंदिया जिल्ह्यात हे सगळे अंगणवाडीच्या ताटाशी येऊन भिडते. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे आजचे रूप सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 च्या मूळ निकषांनुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम ताजे जेवण मिळून 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित होते. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशींनुसार सुमारे 1360 किलोकॅलरी असते. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त अंगणवाडीत, बाकीचे घरी. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्यांतल्या आदिवासी गावांत अमृत आहार योजनेतून आठवड्यातून चार दिवस अंडे, किंवा अंडे न खाणाऱ्यांना केळी, अशी भर पडते.

आता सेविकेची अडचण पाहण्यासारखी आहे. तिच्यापुढे आकडा आहे, वजनकाटा आहे, मोबाइलमधले पोषण ट्रॅकर आहे. मुलाने ताट संपवावे ही तिची इच्छा अगदी साहजिक. त्यात ‘पोट भरले की थांब’ असे तिनेच शिकवायचे म्हटले तर कोणालाही वाटेल, की हे लाड शहरातल्या लठ्ठ पोरांसाठी ठीक, इथे त्यांचे काय काम? महाराष्ट्रात 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. अशा राज्यात हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही.

पण जबरदस्तीने पोट भरत नाही, हेही तितकेच खरे. एमी गॅलोवे आणि लिअॅन बर्च यांच्या 2006 सालच्या अभ्यासात बालवाडीतल्या मुलांना कधी ‘सूप संपव’ म्हणत, तर कधी काहीच बोलत नसत. आग्रह नसताना मुले जास्त सूप प्यायली, आग्रह केला की कमी, आणि वर सुपाला नावेही ठेवली. भारतातला दाखला याहून जवळचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शहनाज वझीर आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या 60 गावांत आयांना बाळाच्या भुकेच्या खुणा ओळखून, त्याच्याशी बोलत-खेळत भरवायला शिकवले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या बाळांचा आहार सुधारला आणि बौद्धिक वाढीच्या चाचण्यांतही ती पुढे राहिली. भूक ओळखणे हा कमी खाण्याचा उपदेश नव्हे, हे या एका अभ्यासाने पुरेसे दिसते.

आणखी एक गैरसमज वयाचा. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जवळजवळ तिप्पट होते. त्यानंतर ते वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आईला वाटते पोर जेवत नाही, आजीला वाटते नजर लागली. खरे तर तीन वर्षांचे मूल एका दिवशी दोन वाट्या खिचडी खाते आणि दुसऱ्या दिवशी चार घासांवर उठते. आठवड्याचा हिशेब धरला तर तो बहुधा जुळतो.

गोंदियासारख्या धानाच्या पट्ट्यात मात्र पोटाच्या निरोपावर डोळे मिटून विसंबता येत नाही, आणि त्याचे कारण भातातच आहे. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 130 किलोकॅलरी असतात. नुसत्या भातातून 500 मिळवायच्या तर पावणेचारशे ग्रॅमहून जास्त भात लागेल, आणि चार वर्षांच्या मुलाच्या एवढ्याशा पोटात तो एका बैठकीला मावत नाही. पातळ पेजेत तर ऊर्जा याहून कितीतरी कमी. जठराच्या भिंतीला ताण कळतो. तो पाण्याने आला की शेंगदाण्याने, हे तिला पहिल्या झटक्यात कळत नाही. म्हणून पेज पिऊन टम्म फुगलेले पोट ‘भरले’ असे प्रामाणिकपणे सांगते, आणि तासाभरात मूल पुन्हा कुरकुर करते. मुलाचे पोट इथे खोटे बोलत नसते. वाढणाऱ्याने वाटीत पाणी जास्त घातलेले असते.

यावर उपाय वाटीचा आकार वाढवण्यात नाही, वाटी घट्ट करण्यात आहे. एक चमचा तेलात 45 किलोकॅलरी असतात. खिचडीत डाळ वाढवली, वरून तेल घातले, शेंगदाण्याचा कूट मिसळला, तर तेवढ्याच घासांत ऊर्जा आणि प्रथिने दोन्ही वाढतात. धुऱ्यावरची तूर, तळ्यातले मासे आणि शिंगाडे, जवसाची चटणी, अंगणातल्या कोंबडीचे अंडे हे सगळे या जिल्ह्यात परके नाही. मोठ्यांनी आपली अर्धी वाटणी अशी नीट पार पाडली, तरच मुलाला त्याच्या वाटणीचा निर्णय सोपवणे रास्त ठरते.

प्रत्यक्ष शिकवण्याची सुरुवात शब्दांपासून होते. मराठीत भुकेचे शब्द भरपूर आहेत: कडकडून भूक लागते, पोटात कावळे ओरडतात, आग पडते, नुसती खा-खा सुटते. पोट अर्धे राहते, भरते, तुडुंब होते, तडस लागते. मोठी माणसे ‘पोट भरलं पण मन भरलं नाही’ म्हणतात, तेव्हा याच विषयातला सगळ्यात अवघड धडा ती सहज बोलून जातात. चार वर्षांच्या मुलाकडे मात्र बहुधा दोनच शब्द असतात, ‘भूक’ आणि ‘नको’. त्यातही सालेकसा-देवरीकडच्या घरात गोंडी किंवा छत्तीसगढी, तिरोडा-गोरेगावकडच्या घरात पोवारी किंवा झाडीबोली बोलली जाते, तर अंगणवाडीत पुस्तकी मराठी. पोटातली जाणीव मूल घरच्या भाषेतच ओळखते. तेव्हा पहिल्या दिवशी सेविकेने विचारायचे ते एवढेच, की तुमच्या घरी भूक लागली की काय म्हणतात आणि पोट भरले की काय म्हणतात. मिळालेले शब्द तिने आपल्या बोलण्यात घ्यायचे.

जाणीव दाखवायला बाहुली फार कामी येते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सुसान जॉन्सन यांनी बालवाडीतल्या मुलांना कमी-अधिक भरलेल्या पोटांच्या बाहुल्या हाताळायला देऊन सहा आठवडे भूक आणि तृप्ती शिकवली. आधी काही गोड पेय पिऊन आलेले मूल जेवणात तेवढे कमी खाते का, हे शिकवण्यापूर्वी आणि नंतर मोजले. शिकवण्यानंतर मुलांचा हा अंदाज सुधारला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या कामाला गोंदियात विकतच्या बाहुल्यांची गरज नाही. जुन्या साडीच्या तीन पोटल्या आणि पायलीभर धान पुरते. एक पोटली रिकामी, लोळागोळा होणारी. एक पाऊण भरलेली, दाबली तर मऊ लागणारी, तोंडाला सहज गाठ बसणारी. तिसरी इतकी ठासलेली की गाठच बसत नाही आणि दाणे बाहेर सांडतात. मुले पोटल्या हातात घेतात, दाबतात, चिंधीच्या बाहुलीच्या पोटाला बांधतात, मग आपल्या पोटावर हात ठेवून सांगतात, आपली पोटली आत्ता कोणती. ज्या मुलाच्या घरी पोती शिवणारे हात आहेत, त्याला यातले मर्म सेविकेआधी कळते.

हा प्रश्न जेवणाआधी, जेवताना मध्येच आणि जेवण झाल्यावर असा तीनदा विचारायचा. उत्तर चूक किंवा बरोबर ठरवायचे नाही. सुरुवातीला मुले एकमेकांचे ऐकून तेच बोलतात, काही जण मोठी पोटली आवडते म्हणून तीच दाखवतात. आठ-पंधरा दिवसांनी फरक दिसू लागतो. त्याच वेळी भुकेसारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या करता येतात. तहान, झोप, कंटाळा आणि रुसवा ही चार सोंगे भुकेच्या नावाने फिरतात. पाणी प्यायल्यावर जे थांबते ती तहान. भात समोर आला की नको होते आणि कुरकुरे म्हटले की हवे होते, तो जिभेचा चाळा. मुलांना हा भेद चटकन कळतो. मोठ्यांना कळायला वेळ लागतो, कारण चाळा त्यांनीच लावलेला असतो.

वाढण्याच्या पद्धतीतच निम्मे शिक्षण आहे. पहिल्यांदा थोडे वाढायचे, मागितले की पुन्हा द्यायचे, आणि पुन्हा मिळणारच अशी खात्री मुलाला वाटू द्यायची. ही खात्री फार मोलाची आहे. ज्या घरात कधीकधी पातेले लवकर रिकामे होते, तिथले मूल भुकेपेक्षा भीतीने जेवते. मिळेल तेव्हा भरून घेणे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते. अंगणवाडीत ठरल्या वेळी, ठरल्याप्रमाणे जेवण आले आणि महिनाभर येत राहिले, तरच त्याचा हात सैल पडतो. जेवण उशिरा येणारी, मध्येच बंद पडणारी अंगणवाडी भुकेचा कुठलाही पाठ शिकवू शकत नाही, पोटल्या कितीही सुंदर शिवल्या तरी. जमेल तिथे मुलांनी लहान डावाने स्वतः वाढून घ्यावे. सांडते, पण आपल्याला किती लागते याचा अंदाज हाताला येतो. ‘संपवलंस का?’ ऐवजी ‘पोट काय म्हणतं?’ विचारावे. ‘शहाणा, सगळं संपवलं’ ही शाबासकी टाळावी, आणि भाजी खाल्ली तर चॉकलेट हा सौदाही. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस एवढेच मूल शिकते. अन्न टाकू नये ही शिकवण तर सोडायचीच नाही. तिचा रोख फक्त मुलाच्या पोटावरून वाढणाऱ्याच्या डावावर आणायचा: कमी वाढले की टाकायची वेळच येत नाही.

घरची साथ नसेल तर यातले फार टिकत नाही, आणि घराचे वेळापत्रक शेत-जंगल ठरवते. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की आया सकाळीच बांधीत उतरतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला उजाडण्याआधी निघतात, मेमध्ये तेंदूपत्ता. धाकट्याला भरवायचे काम सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे किंवा आजीकडे येते, आणि दुकानातली पाच रुपयांची पुडी हा सगळ्यांत सोपा उपाय ठरतो. त्या पुडीने अकराच्या सुमारास पोट नुसते फुगते आणि अंगणवाडीतल्या खिचडीवर वासना राहत नाही. म्हणून पालकसभा भरवायची ती हंगाम सुरू होण्याआधी, आणि तीत बहिणी-आज्यांनाही बसवायचे. सांगायचे दोनच मुद्दे: जेवणाच्या आधी दीड-दोन तास पुडी नको, आणि मूल तोंड फिरवते तेव्हा चमचा खाली ठेवा.

भुकेची जाणीवच बिघडलेली असेल, तर मात्र या शिकवणीची मात्रा चालत नाही. ताप, जुलाब, तोंडातले छाले यांत भूक काही दिवस जाते आणि आजार सरला की दुपटीने परतते. त्या दिवसांत एखादे जेवण वाढवून द्यावे लागते. जंत आणि रक्तक्षय भूक हळूहळू खातात. जंतनाशक दिनाची गोळी आणि लोहाचे औषध त्यासाठीच असते. तीव्र कुपोषणात तर सगळे उलटेच होते: ज्याला अन्नाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच भूक लागत नाही. शरीर ऊर्जा वाचवत-वाचवत भुकेचा निरोप पाठवणेच बंद करते. असे मूल शांत असते, मागत नाही, रडत नाही, आणि गर्दीच्या अंगणवाडीत ‘गुणी’ म्हणून सुटून जाते. त्याला पोटली दाखवून उपयोग नाही. दंडाचा घेर मोजण्याची पट्टी 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेली, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर त्याला आरोग्य केंद्रात दाखवायचे. तिथे त्याची भूक चाचणी होते. आईच्या मांडीवर बसवून ठराविक उपचार आहार पुढे करतात, पाणी देतात, जबरदस्ती करत नाहीत, आणि मूल किती खाते ते पाहतात. पुरेसे खाल्ले आणि दुसरी गुंतागुंत नसेल तर गावातल्या बालविकास केंद्रात उपचार होऊ शकतात. खाल्ले नाही तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते.

तिथे सुरुवातीला थोडे-थोडे, दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र भरवतात. मुलाची भूक परतली की आहार वाढवतात; डॉक्टर उपचाराचा पुढचा टप्पा ठरवताना ज्या खुणा पाहतात त्यांत ही एक मोठी. वजनाचा काटा बहुधा त्यानंतर हलतो. वाटी संपल्यावर मूल आईच्या हाताकडे बघते आणि आणखी मागते, तो दिवस परिचारिका त्याच्या कागदावर नोंदवून ठेवते.